खुला माल

अंजूचं लग्न दोनदा ठरून दोनदा पुढं गेलं होतं. टाळेबंदी उठली, माणसं पुन्हा मांडवात गुडघ्याला गुडघा लावून बसायला लागली, तेव्हा २०२२ सालच्या वैशाखात चन्नबसप्पानं आपली एकुलती एक लेक हिमायतनगरला दिली. लग्न चांगलं झालं. जेवणाला कुणी नाव ठेवलं नाही. नाव ठेवायची पाळी आली ती रुखवतात मांडलेल्या एका फोनामुळं, आणि तीही बरीच उशिरा.

चन्नबसप्पाचं चाकूरला किराणा दुकान. दुकानावर त्याच्या बापानं रंगवून घेतलेली पाटी होती, 'येथे खुला माल मिळत नाही'. बापाच्या काळात गावात कुणीतरी खुलं तेल विकलं, त्यात भेसळ निघाली, लग्नघरची माणसं ओकाऱ्या काढत दवाखान्यात गेली. तेल चन्नबसप्पाच्या बापाचं नव्हतं, पण त्या दिवसापासून म्हाताऱ्यानं शपथ घेतली, सील असल्याशिवाय डबा दुकानात चढवायचा नाही. चन्नबसप्पानं ती शपथ रक्तात घेतली होती. गिऱ्हाइकानं सुटं तेल मागितलं की तो हात जोडून म्हणायचा, "माय, खुला माल आन् खुलं तोंड, दोन्हीत माशी जाती. पुढच्या दुकानात बघा."

त्याची बायको रत्नम्मा. माहेर भालकीकडचं, कानडी मुलखातलं. चाकूरला नांदून तिचे केस पांढरे झाले, पण मराठी तिला बाजारापुरतीच आली. या, बसा, चहा घ्या, साखर संपली. पोटातलं काही बोलायचं झालं की तिची जीभ कानडीवर जायची, आणि ते ऐकायला घरात एकच माणूस होतं, तिला अव्वा म्हणणारी अंजू. चन्नबसप्पाला उदगीरकडच्या गिऱ्हाइकांमुळं कानडी कळायची ती मालाच्या नावापुरती. मायलेकी चुलीपाशी बसून बोलायला लागल्या की तो म्हणायचा, "चाललं का तुमचं आकाशवाणी केंद्र?" आणि दुकानात जाऊन बसायचा.

लग्न जवळ आलं तसं रत्नम्मानं नवऱ्याजवळ एकच गोष्ट मागितली. सोनं नाही, भांडी नाहीत.

"पोरीच्या हातात तिचा फोन द्या," ती शब्द जुळवत म्हणाली. "दुसऱ्याच्या फोनवर बोलणं म्हंजे दुसऱ्याच्या चुलीवर सैपाक. मीठ बी विचारून घालावं लागतं."

"देऊ की. त्यात काय," चन्नबसप्पा म्हणाला.

ही गोष्ट लालमहंमदच्या कानावर गेली. लालमहंमद म्हणजे चन्नबसप्पाचा लहानपणापासूनचा सोबती. त्याचा बाप चन्नबसप्पाच्या दुकानाशेजारी बसून पत्र्याच्या डब्यांना डाख लावायचा. बाप गेल्यावर लालमहंमद नांदेडला गेला, आधी रेडिओ दुरुस्त केले, मग घड्याळं, मग मोबाईल, आणि आता बाजारात त्याचं स्वतःचं मोबाईलचं दुकान होतं. चाकूरला आला की तो घरी जायच्या आधी चन्नबसप्पाच्या फळीवर बसायचा. तसाच त्या दिवशी आला आणि पिशवीतून एक फोन काढून त्यानं तराजूशेजारी ठेवला.

"अप्पा, अंजूसाठी हा घ्या. एकदम नवा हाय. आन् खुल्ला फोन हाय."

चन्नबसप्पाचा तेलाच्या डब्यावरचा हात थांबला. "काय हाय?"

"खुल्ला. कोणतं बी सिम घाला, चालतं. पोरगी परक्या गावाला चाललीय, तिथं कोणत्या कंपनीची रेंज हाय कुणास ठाऊक. हा कुठं बी चालंल."

दुकानात चारदोन गिऱ्हाइकं उभी होती. एकजण हसून म्हणाला, "काय अप्पा, पाटी उतरवायची का आता?"

ते हसणं चन्नबसप्पाला लागलं. त्यानं फोन दोन बोटांनी उचलून पाहिला. डब्याचं वरचं कागदी सील लालमहंमदनंच आत सिम चालतं का बघायला फोडलं होतं.

"लालभाई, मी गावाला खुला माल विकत न्हाई आन् माझ्या पोरीला देऊ? तिच्या सासरची मान्सं काय म्हणतील? चन्नबसप्पानं फोडलेला डबा दिला म्हणतील."

"अहो अप्पा, फोनात खुल्ला म्हंजे तसा न्हाई. ते तेल हाय का?"

"तेल काय न् फोन काय. कुणाकुणाचे हात लागले असतील तुमच्या दुकानात. तुमचा धंदाच फोडाफोडीचा."

लालमहंमदनं फोन डब्यात घातला, डबा पिशवीत घातला. चन्नबसप्पा साखर जोखायला वळला होता.

"अंजू मला बी पोरीसारखी हाय, अप्पा," एवढंच बोलून लालमहंमद फळीवरून उठला. चहा आला होता तो तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी चन्नबसप्पा लातूरला गेला आणि सरळ एका सिमकंपनीच्या झगझगीत दुकानात शिरला. गळ्यात पट्टा घातलेल्या तरुणानं त्याला खुर्ची दिली, गार पाणी दिलं.

"काका, हा आमच्या कंपनीचाच फोन. फोनही आमचा, सिमही आमचं. लॉक असतो."

"लॉक म्हंजे? दुसऱ्या कुणाला उघडता येत न्हाई?"

"कुणालाच नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं तर फोन घेणारच नाही."

चन्नबसप्पाला फार बरं वाटलं. अशीच वस्तू त्याला पाहिजे होती, जिच्यात दुसऱ्याचा हात शिरत नाही. तरी त्यानं सावधपणानं विचारलं, "हिमायतनगरला चालंल ना?"

"काका, अख्ख्या देशात चालतो," तरुण म्हणाला आणि त्यानं पुढच्या गिऱ्हाइकाकडं पाहिलं.

सील न फोडता तो डबा रुखवतात मांडला गेला. चन्नबसप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा, "कंपनीचा बंद माल हाय. हात न्हाई लागला कुणाचा." लालमहंमद लग्नाला आला, अंजूच्या डोक्यावर हात ठेवून गेला. जेवला नाही.

अंजूचं सासर हिमायतनगरच्या बाहेर, रेल्वे रुळाच्या पलीकडं उतारावर. जावई मल्लेश याचं बाजारात खता-बियाणांचं दुकान. घर मोठं, माणसं खाऊनपिऊन सुखी. फक्त त्या उतारावर लातूरच्या त्या कंपनीची रेंज नव्हती. दुसऱ्या एका कंपनीचा टॉवर रुळाच्या कडेलाच उभा होता, सगळ्या वस्तीकडं त्याचंच सिम. अंजूनं ते सिम आणून फोनात घातलं, तर फोननं लिहून दाखवलं की हे सिम चालणार नाही.

पहिल्या पंचमीला अंजू माहेरी आली तेव्हा तिनं फोन बापापुढं ठेवला. गंमत अशी की चाकूरला फोन खणखणीत वाजत होता.

"चालतोय की!" चन्नबसप्पा म्हणाला. "फोनात खोट न्हाई. तुलाच वापरता येत नसंल."

"अप्पा, इथं चालतो, तिथं न्हाई चालत. तिथं दुसरं सिम लागतं, ते हा घेत न्हाई. ह्याला लॉक हाय."

"लॉक हाय म्हणूनच घेतला ना."

"अप्पा, मला मोकळा फोन पाहिजे. लालकाकाला विचारा ना जरा."

"लालकाका, लालकाका! एवढ्या मोठ्या कंपनीला कळत न्हाई न् त्याला कळतं?"

अंजूनं फोन उचलून पिशवीत ठेवला. रत्नम्मा आतून कानडीत काहीतरी म्हणाली. मायलेकी हसल्या, पण त्या हसण्यात जोर नव्हता.

अंजू सासरी गेली आणि मग बोलणं मल्लेशच्या फोनवर आलं. मल्लेश दिवसभर दुकानात, फोन त्याच्याबरोबर. संध्याकाळी तो घरी आला की फोन स्पीकरवर लावून मधे ठेवायचा. अंजूची सासू महामाया ही बाई वाईट नव्हती. सुनेला तिनं कधी उपाशी ठेवलं नाही, हात उचलला नाही. पण घरात कुणी आपल्याला न कळणारं बोललेलं तिला खपायचं नाही. रत्नम्मानं "अंजू" म्हणून कानडीत सुरुवात केली की तिकडून महामायेचा आवाज यायचा, "विहीणबाई, मराठीत बोला की! आम्हाला बी कळू द्या, आमच्या चुगल्या तर न्हाईत ना?" आणि सगळे हसायचे. मग रत्नम्मा तिला येत होतं तेवढं मराठी बोलायची. बरं हाय का. जेवलीस का. बरं हाय. ठेवू का.

फोन ठेवल्यावर एकदा चन्नबसप्पा म्हणाला, "बोललीस की पोरीशी. अजून काय पाहिजे?"

"बोलले कुठं," ती म्हणाली. "हजेरी दिली."

संक्रांतीला चन्नबसप्पा तिळगूळ घेऊन हिमायतनगरला गेला. अंजूला दिवस गेले होते, दोन-तीन महिने तिला प्रवास करू देऊ नका असं डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं. नव्या फोनाचा विषय निघाला तेव्हा मल्लेश म्हणाला, "मी उद्याच घेतो दुसरा. पण आई म्हणती, अप्पांनी दिलेला असताना आपण घेतला तर त्यांना वाईट वाटंल." महामायेनं पदर सावरत भर घातली, "लई भारी फोन दिलाय म्हणं तुम्ही. आम्ही देव्हाऱ्याशेजारी ठेवलाय. वाजत तर न्हाई, बघायला बरा हाय." चन्नबसप्पानं हातातला तिळगूळ परत ताटलीत ठेवला.

निघताना अंजूनं फोन त्याच्या पिशवीत घातला आणि हळूच म्हणाली, "अप्पा, नांदेडात बस बदलतेच. लालकाकाला एकदा दाखवा. माझ्यासाठी न्हाई, अव्वासाठी."

चन्नबसप्पा नांदेडला उतरला. लालमहंमदचं दुकान असलेल्या गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेला. समोर चहाची टपरी होती, तिथं उभा राहिला. लालमहंमद चष्मा कपाळावर चढवून एका बाईचा फोन उघडून बसला होता आणि तिच्याशी काहीतरी बोलून हसत होता. चन्नबसप्पाला वाटलं, आत जावं. मग त्याला वाटलं, आत गेलो तर तो विचारंल, काय अप्पा, बंद माल उघडायला आणला का? दुकानात गिऱ्हाइकं असतील. ती हसतील. त्यानं चहा संपवला, पेला ठेवला आणि अहमदपूरची बस धरली.

घरी रत्नम्मा दारातच उभी होती. "दाखवला का लालभाईला?"

"दाखवला," चन्नबसप्पा म्हणाला. "न्हाई उघडत म्हणला. त्याच्यानं होत न्हाई."

रत्नम्मा आत वळली. लालभाईच्या हातानं झालं नाही म्हणजे कुणाच्याच हातानं होणार नाही, एवढा तिचा त्या माणसावर विश्वास होता. फोन चन्नबसप्पानं गल्ल्याच्या कप्प्यात टाकला. तिथं तो सुट्या नाण्यांखाली पडून राहिला.

महाशिवरात्रीच्या सुमाराला एका संध्याकाळी रत्नम्मा मल्लेशच्या फोनवर बोलत होती. महामाया बहुधा पाणी आणायला की कुठं गेली असावी, कारण रत्नम्मा घाईघाईनं कानडीत बोलायला लागली. चन्नबसप्पा शेजारी पुड्या बांधत होता. त्याला एकच शब्द ओळखीचा वाटला, गंटू. उदगीरकडचं गिऱ्हाईक गंटू म्हणायचं ते गाठोड्याला. तेवढ्यात तिकडून महामायेचा आवाज आला, "झालं का तुमचं चालू?" आणि रत्नम्मा मराठीत म्हणाली, "बरं हाय. ठेवते."

"कशाचं गाठोडं पाठवून राहिलीस पोरीला?" चन्नबसप्पानं विचारलं.

रत्नम्मानं त्याच्याकडं बघितलं. ओठ हलले. मग ती म्हणाली, "काही न्हाई. असंच." आणि उठून आत गेली.

आषाढात त्याच्या लक्षात आलं, की रत्नम्मा वरच्या फळीवरचा डबा उजव्या हातानंच काढते. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. त्यानं विचारलं, तर म्हणाली, "वात हाय." मग एके दिवशी तिला चक्कर आली आणि शेजारणीनं तिला उचलताना जे पाहिलं ते चन्नबसप्पाला बाजूला घेऊन सांगितलं. त्याच दिवशी जीप करून तो तिला लातूरला घेऊन गेला.

तिथली डॉक्टरीणबाई तरुण होती. तपासून बाहेर आली ती चिडलेलीच. "आजोबा, छातीत गाठ आहे. काखेत उतरली आहे. पाच-सहा महिने अंगावर काढलंय त्यांनी. तेव्हा आणलं असतं तर काही करता आलं असतं. तुम्ही एका घरात राहता ना?"

चन्नबसप्पा आत गेला. रत्नम्मा पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"मला कामून सांगितलं न्हाईस?"

"तुम्हाला कसं सांगू?" ती म्हणाली. जागा कोणती आहे हे तिनं हातानंही दाखवलं नाही, नुसता पदर गळ्यापर्यंत ओढला. "पोरीला सांगायचं होतं. ती तुम्हाला सांगंल, असं मनात होतं. सांगितलं बी होतं तिला. गंटू म्हणले होते. तिनं अर्धंच ऐकलं असंल."

गंटू. गाठोडं म्हणतात त्यालाच गाठही म्हणतात, हे चन्नबसप्पाला त्या दिवशी कळलं.

नांदेडला निरोप कुणी दिला कुणास ठाऊक, पण चौथ्या दिवशी लालमहंमद लातूरच्या त्या दवाखान्यात आला. हातात मोसंबीची पिशवी. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा समोरासमोर आले. चन्नबसप्पानं स्टूल पुढं सरकवलं, लालमहंमद बसला.

"भाभी, कसं वाटून राहिलं?"

रत्नम्मा हसली. तिला हसायलाही श्वास पुरत नव्हता. मग ती जे बोलली ते सगळं मराठीत बोलली, शोधून शोधून, एकेक शब्द जागेवर ठेवत. "लालभाई, तुमच्यावर राग न्हाई माझा. पण तुम्ही एवढे हुशार. तो फोन तुमच्यानं उघडला असता तर बरं झालं असतं. संक्रांतीला आणला होता ना यांनी तुमच्याकडं. न्हाई उघडत म्हणलात."

लालमहंमदनं मान वळवून चन्नबसप्पाकडं पाहिलं. चन्नबसप्पा खिडकीकडं बघत होता. खिडकीत काहीच नव्हतं, पलीकडच्या इमारतीची भिंत होती.

मग लालमहंमद रत्नम्माकडं वळला.

"हाव भाभी," तो म्हणाला. "लई खटपट केली. न्हाई उघडला."

"जाऊ द्या. नशीब म्हणायचं."

जिन्यापाशी आल्यावर चन्नबसप्पानं त्याचा हात धरायला बघितलं. लालमहंमदनं हात काढून घेतला, जोरानं नाही, पण काढून घेतला.

"अप्पा, एक सांगतो. तो फोन माझ्याकडं आणला असता तरी मला उघडता आला नसता. कंपनीनं लावलेलं कुलूप हाय ते. पण मी अंजूला दुसरा पाठवला असता. त्याच दिवशी. तुम्ही आलातच न्हाई."

"आलो होतो. टपरीवर उभा होतो."

"उभे होते?" लालमहंमद हसला, पण हसू डोळ्यांत गेलं नाही. "चहा तरी माझ्याकडं प्यायचा."

"तुम्ही हसाल वाटलं."

"हसलो असतो," लालमहंमद म्हणाला. "हसलो असतो, शिव्या दिल्या असत्या, तुमच्या पाटीवरून चिडवलं असतं. आन् फोन दिला असता. तेवढं बी सहन न्हाई झालं तुम्हाला. आता माझ्या नावावर टाकलं, ते तिच्यासाठी घेतलं मी. तुमच्यासाठी न्हाई. आन् अंजूला तुम्ही सांगायचं. मी न्हाई सांगणार."

तो जिना उतरून गेला. त्यानंतर तो चाकूरला आला, पण दुकानाच्या फळीवर बसला नाही.

अंजू आठवा महिना संपत आला असताना माहेरी आली, तोवर रत्नम्माला दवाखान्यातून घरी आणलं होतं. आता मल्लेशनं तिला नवा फोन घेऊन दिला होता, खुला. त्याची आता गरज उरली नव्हती, कारण मायलेकी एकाच खोलीत होत्या आणि दार लावून कानडीत बोलत होत्या, दिवसभर, मधेच थांबून, पुन्हा सुरू करून. त्याच खोलीत अंजूला मुलगी झाली असं म्हणायला हरकत नाही, दवाखान्यातून ती तिथंच आली. रत्नम्मानं नातीला उजव्या हातावर घेतलं आणि तिच्याशी पहिला शब्द कानडीत बोलली.

चन्नबसप्पा बाहेर दुकानात बसून ते ऐकायचा. कधी कधी त्याला वाटायचं, आत जावं आणि सांगून टाकावं, मी लालमहंमदकडं गेलोच नव्हतो. तो उठायचा, दारापर्यंत जायचा. आत बोलणं थांबायचं, दोघी त्याच्याकडं बघायच्या आणि अंजू मराठीत विचारायची, "काय पाहिजे अप्पा?"

"काही न्हाई," तो म्हणायचा. "चहा करतेस का?"

एकदा अंजूनंच विचारलं, "अप्पा, लालकाका कामून येत न्हाईत आता? अव्वा म्हणती त्यांना फोन न्हाई उघडता आला म्हणून लाज वाटती."

"असंल," चन्नबसप्पा म्हणाला.

रत्नम्माच्या मातीला लालमहंमद आला होता. मूठभर माती टाकली, अंजूच्या डोक्यावर हात ठेवला आणि न थांबता बसस्टँडकडं गेला. अंजू त्याच्या पाठीकडं बघत म्हणाली, "काकाला अजून लागतंय मनाला." चन्नबसप्पा तिच्या शेजारीच उभा होता. तेव्हाही तो बोलला नाही.

रत्नम्मा, चन्नबसप्पाची बायको, अंजूची अव्वा, छातीतल्या गाठीनं शुक्रवारी ८ डिसेंबर २०२३ रोजी सकाळी चाकूरच्या राहत्या घरी वारली.